गटाचे सदस्यत्व केव्हा लागू होते?

दिल्लीतील कर्झन रोडचे नाव कस्तुरबा गांधी मार्ग असे झाले, त्या दिवशी टपालात असलेल्या पत्रांवर जुनेच नाव राहिले असणार. दप्तरातील नोंद बदलली म्हणून वाटेतल्या लखोट्यावरची शाई बदलत नाही. ‘युनिक्स’ या संगणक-प्रणालीत गटाच्या सदस्यत्वाचेही असेच आहे.

केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सची उभारणी आरंभिली. तीत प्रत्येक फाईलला एक मालक व एक गट असतो. कोण कोणत्या गटात, ही यादी ‘ग्रुप’ नावाच्या साध्या फाईलमध्ये असते. प्रणाली दर वेळी ही यादी चाळत असेल, असे वाचकाला वाटेल. तसे नाही. प्रणालीचा गाभा ती कधीच वाचत नाही. त्याला नावे ठाऊक नसतात, केवळ क्रमांक ठाऊक असतात. वापरकर्ता परवलीचा शब्द देऊन प्रवेश करतो, तेव्हा यादी पाहून त्याच्या गटांचे क्रमांक पहिल्या प्रक्रियेला जोडण्यात येतात. तिच्यापासून जन्मणाऱ्या प्रक्रियांना ते वारशाने मिळतात.

यामुळे नव्या सदस्याला दार बंदच आढळते. ‘आयडी’ या आज्ञेला त्याचे नाव देऊन विचारले, तर ती यादी वाचून होकार देते. नाव न देता विचारले, तर चालू प्रक्रियेचे क्रमांक दाखविते, आणि त्यांत नवा गट नसतो. दोन्ही उत्तरे खरीच! पडद्यावर नवी खिडकी उघडूनही बहुधा भागत नाही, कारण तीही जुन्याच प्रक्रियेची संतती असते. बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो. ‘न्यूग्रुप’ ही आज्ञाही आहे; वापरकर्ता एका वेळी एकाच गटात वावरू शके, त्या काळातील ती होय. अनेक गट एकदम धारण करण्याची सोय 1983 च्या बर्कले आवृत्तीत, 4.2 बीएसडीत, आली.

खरी काळजी उलट दिशेची आहे. एखाद्याचे नाव यादीतून पुसले, तरी त्याच्या चालू प्रक्रिया जुन्याच अधिकाराने चालत राहतात. त्याने उघडलेली फाईल उघडीच राहते. अनुज्ञेची तपासणी उघडताना होते, प्रत्येक वाचनाच्या वेळी नव्हे. त्याहून धूर्त वाट अशी, की सदस्य असतानाच आपल्या एखाद्या आज्ञावलीला त्याने तो गट बहाल करून ‘सेटजीआयडी’ ही खूण लावून ठेवावी. मग पुनःप्रवेशानंतरही ती आज्ञावली त्या गटाच्या अधिकाराने चालते. म्हणून नाव पुसल्यावर व्यवस्थापकाने त्याच्या चालू प्रक्रिया थांबवाव्यात आणि अशा खुणेच्या फाईली शोधून काढाव्यात.