दया आणि मोजमाप : भरतपूरच्या पाणथळीचा धडा

आमच्या गावाच्या वेशीवर एक जुने तळे आहे. काही वर्षांपूर्वी समाजातील एका विश्वस्त मंडळाने त्याचे सुशोभीकरण करण्याचे ठरविले. गाळ काढला, चारही बाजूंना उभी दगडी भिंत बांधली, मध्यभागी कारंजे बसविले, काठाने दिवे लावले. पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी एक देखणा चौथराही उभारला. त्या ठरावावर सदस्य म्हणून माझी सही आहे आणि देणगीदारांच्या फलकावर माझ्या दिवंगत मातोश्रींचे नाव आहे. काम पूर्ण झाले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात दरवर्षी येणारी बदके आलीच नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही आली नाहीत. चौथऱ्यावर पारवे मात्र भरपूर जमू लागले.

खर्च तर पक्ष्यांसाठीच केला होता. मग पक्षी गेले कोठे? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचे उत्तर मिळाले ते राजस्थानात, भरतपूर येथे.

यात्रेच्या वाटेवर

एका डिसेंबरात आम्ही उभयता श्री महावीरजी क्षेत्राच्या दर्शनास गेलो होतो. हे क्षेत्र करौली जिल्ह्यात गंभीर नदीच्या तीरावर वसले आहे, हे अनेक वाचकांनी प्रत्यक्ष पाहिले असेल. त्या दिवशी नदीचे पात्र बहुतेक कोरडे होते. तिकडे फारसे लक्ष न देता आम्ही रेल्वेने त्याच मार्गावरील भरतपूरला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गेलो.

तेथे सायकलरिक्षा चालविणारेच वाटाड्याचे काम करीत होते. आमचे रिक्षावाले साठीच्या घरातले सरदारजी होते. दुर्बिणीशिवायही ते पाणकावळा कोणता आणि चित्रबलाक कोणता हे सांगत होते. एका ठिकाणी पाणी दिसेनासे होऊन नुसते गवतच गवत दिसले. तेव्हा ते म्हणाले, ‘‘बाबूजी, पूर्वी येथे म्हशी असत. म्हशी गेल्या आणि हे गवत आले.’’ राष्ट्रीय उद्यानात म्हशींची आठवण काढणारा हा माणूस मला विचित्र वाटला. गुरे बाहेर ठेवली म्हणजे पक्ष्यांचे भले होणार, हे मी गृहीतच धरून चाललो होतो. घरी परतल्यावर मिळेल तेवढे वाचून काढले, आणि त्यांचे बोलणे किती खरे होते ते कळले.

शिकारीच्या तळ्यापासून राष्ट्रीय उद्यानापर्यंत

केवलादेवचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. मुळात ती सखल जमीन. अठराव्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात अजान बांध बांधला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतपूर संस्थानाने लहानमोठे बांध, पाट आणि झडपा घालून येथे बदकांच्या शिकारीसाठी उथळ तळी तयार केली. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचे लेणे म्हणतो, ते बऱ्याच अंशी माणसाच्या हातचे काम आहे. बाभळीही मातीचे उंचवटे करून पाण्यात लावलेल्या आहेत. आज त्यांच्यावर बलाक आणि बगळे घरटी करतात.

१२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत येथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा दगडावर कोरून ठेवलेला आहे. तो वाचताना अंगावर काटा येतो. योगायोग असा, की ज्यांनी पुढे या तळ्यांना पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून जगापुढे आणले, त्या डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवसही १२ नोव्हेंबरच. १९५६ मध्ये येथे अभयारण्य झाले. १९८१ मध्ये रामसर कराराखाली चिलिका सरोवर आणि केवलादेव ही भारतातील पहिली दोन स्थळे नोंदविली गेली. १९८२ मध्ये केवलादेवला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८५ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा मान लाभला.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बीएनएचएसने, येथे पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम केले. कड्यावर क्रमांक आणि मुंबईच्या संस्थेला कळविण्याची सूचना असे. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे सोव्हिएत संघाच्या भूमीवर सापडली, तेव्हा या लहान जिवांच्या प्रवासाचा लेखी पुरावा हाती आला. सोसायटीच्या या कामात पक्षी पकडण्याचे कसब बिहारमधील मीरशिकार समाजातील माणसांचे होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांनी पक्षी विकण्यासाठी धरले, त्याच हातांनी ते आता धरून, कडे घालून पुन्हा आकाशात सोडले.

एक सद्हेतूचा निर्णय

राष्ट्रीय उद्यान झाल्यावर कायद्याप्रमाणे गुरांची चराई बंद करणे आले. १९८२ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली. उद्यानाभोवती भिंत आधीच उभी राहिली होती. आसपासच्या गावांचे दूधदुभते या चराईवर अवलंबून होते. असंतोष उसळला, पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात गावकरी मृत्युमुखी पडले. पक्ष्यांच्या रक्षणासाठी घेतलेल्या निर्णयात माणसांचे प्राण गेले, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद नोंद आहे.

बंदी घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. अतिचराईने देशातील कितीतरी कुरणे आणि डोंगर उजाड झाले आहेत. तोच नियम येथेही लागू होईल, असे पक्षितज्ज्ञांनाही वाटत होते. सुदैवाची गोष्ट अशी, की १९८० पासूनच बीएनएचएसने डॉ. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखाली या उद्यानाचा परिस्थितिकीय अभ्यास हाती घेतला होता. तो १९९० पर्यंत, म्हणजे दहा वर्षे चालला. बंदीच्या आधीची स्थिती आणि नंतरची स्थिती, दोन्ही त्यामुळे नोंदली गेली.

दहा वर्षांची तपासणी

बँकेत असताना मालाच्या तारणावर दिलेल्या कर्जाची तपासणी करण्यास मला गोदामात जावे लागे. कागदावर पोती किती आणि प्रत्यक्षात किती, हे मोजल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही, असा नियम होता. आपल्या व्यापारी घरांना हे सांगावयास नको. विजयन यांच्या पथकाने तळ्याची अशीच तपासणी केली. पाण्याची खोली, पाणवनस्पती, मासे, कीटक, पक्ष्यांची संख्या यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या.

हिशेब लागला तो अपेक्षेच्या उलट. पास्पॅलम डिस्टिकम नावाचे एक गवत उथळ पाण्यात झपाट्याने पसरते. म्हशी पाण्यात उतरून ते खात आणि त्यांच्या वावरण्याने पाण्याचा पृष्ठभाग मोकळा राहत असे. म्हशी गेल्यावर त्या गवताला आवरणारे कोणी उरले नाही. मोकळे पाणी झाकले गेले. मेलेले गवत तळाशी कुजून साचू लागले, त्याने तळे उथळ होऊ लागले आणि कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू कमी झाला. त्याचा फटका माशांना बसला, माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांना बसला, आणि मोकळ्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांनाही बसला. बंदीमुळे पाणथळीचे हित झाले नाही, उलट अहित झाले, असा निष्कर्ष १९९१ च्या अहवालात निघाला आणि मर्यादित प्रमाणात म्हशींच्या चराईची शिफारस करण्यात आली.

ज्या बाजूने निर्णय झाला, तिच्या विरोधात जाणारे आकडे या अभ्यासकांनी जसेच्या तसे मांडले. लेखापरीक्षकाचा धर्म याहून वेगळा नसतो. कायद्याने राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत, त्यामुळे बंदी कायम राहिली. मात्र गावकऱ्यांना गवत कापून नेण्याचे परवाने देण्यात आले. पुढे कोरड्या वर्षांत विलायती बाभूळ माजली, तेव्हा ती मुळासकट उपटण्याचे काम गावांवर सोपवून लाकूड त्यांनाच देण्यात आले. उद्यानाची जमीन मोकळी झाली आणि गावाच्या चुलीला सरपण मिळाले. भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे हित एकत्र येऊ शकते, हे त्यातून दिसले.

पाण्याची खोली म्हणजे पक्ष्यांची पंगत

आमच्या गावच्या तळ्याचे काय चुकले, तेही येथेच उमगले. पाणपक्ष्यांना नुसते पाणी पुरत नाही, त्यांना निरनिराळ्या खोलीचे पाणी लागते. चिखले आणि तुतवार हे पक्षी चार बोटे पाण्यात, ओल्या चिखलावर चरतात. थापट्या आणि तलवार बदक पाण्यावर तरंगत मान बुडवून तळाचे खाद्य घेतात, म्हणून त्यांची चोच पोहोचेल एवढेच पाणी त्यांना चालते. लालसरी बुडी मारते, तिला खोल पाणी हवे. चित्रबलाक लांब पायांवर उभे राहून मासे पकडतो. काठ उतरता असेल तर एकाच तळ्यात प्रत्येकासाठी पान मांडलेले असते. काठ उभा केला की उथळ पाणी संपते आणि निम्मी पंगत उपाशी उठते.

दुसरी गोष्ट ऋतूंची. पावसाळ्यात नदीचे पाणी माशांची पिल्ले घेऊन येते, तेव्हा केवलादेवच्या बाभळींवर घरटी होतात. हिवाळ्यात उत्तरेकडची बदके उतरतात. उन्हाळ्यात पाणी ओसरते, काठाची माती उघडी पडून तापते आणि पुढच्या पावसाला पुन्हा सुपीक होते. बारा महिने काठोकाठ भरलेले तळे आपल्या डोळ्यांना सुंदर दिसते, पण पाणथळीला हे चढणे-उतरणे श्वासासारखे आवश्यक आहे. आम्ही मात्र कूपनलिकेचे पाणी सोडून तळे बारमाही भरलेले ठेवले आणि ते आमचे मोठे यश म्हणून वार्षिक अहवालात छापले!

नदीचा वाटा

श्री महावीरजी येथे पाहिलेल्या कोरड्या पात्राचा अर्थही मग लागला. केवलादेवला येणारे पाणी मुख्यतः याच गंभीर नदीचे. वरच्या बाजूस करौलीजवळ पांचना धरण झाले आणि तेथील शेतकऱ्यांचा पाण्यावरील हक्क पुढे आला. २००४ च्या सुमारास उद्यानासाठी पाणी सोडले गेले नाही, तळी आटली आणि घरट्यांचा हंगाम बुडाला. नंतर गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या नलिकेतून पाणी आणण्याची सोय करण्यात आली. नलिकेचे पाणी तहान भागवते, पण नदीच्या पुरासोबत येणारे मासे आणि बीजे ते आणत नाही. शेतकऱ्याची गरज खोटी नाही आणि पक्ष्याचीही नाही. वाटणी करावयाची तर कोणाला किती पाणी, केव्हा लागते, याचे मोजमाप आधी हवे.

एका पक्ष्याच्या बाबतीत हे सारे प्रयत्न अपुरे पडले. पांढराशुभ्र सायबेरियन क्रौंच १९६० च्या दशकाच्या मध्यास येथे दोनशेच्या आसपास येत असे. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानवरून होणाऱ्या त्याच्या दीर्घ प्रवासात शिकारीने त्याची संख्या घटत गेली. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली आणि त्यानंतर भरतपूरला हा पक्षी दिसला नाही. आम्हाला रिक्षावाल्यांनी ती जागा बोटाने दाखविली. तेथे त्या दिवशी दोन सारस उभे होते.

आपल्या दानाविषयी थोडे

आपल्याकडे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. त्याला महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. नाशिककडील वाचकांनी ते मुलांना अवश्य दाखवावे. पण आपल्या हाती असते ते गावचे तळे, आणि त्यासाठी दिलेला पैसा.

ज्ञानाशिवाय केलेली दया अपुरी पडते, ही शिकवण आपल्या समाजाला नवी नाही. जीवरक्षणासाठी हात सढळ सोडणारी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. तळ्याचा प्रस्ताव समोर आला, तर सही करण्यापूर्वी त्यांनी एवढे विचारावे: निदान एक काठ मातीचा आणि उतरता राहणार आहे काय? उन्हाळ्यात पाणी ओसरू दिले जाईल काय? रात्रीचे दिवे पाण्यापासून दूर आहेत काय? तळ्यावर आजवर ज्यांची गुरे येत होती आणि जे गवत कापत होते, त्यांना कोणी विचारले आहे काय? आणि काम सुरू करण्यापूर्वी निदान एक वर्ष कोणते पक्षी किती येतात, याची वही कोणी ठेवली आहे काय?

आमच्या मंडळाच्या पुढील बैठकीत तळ्याची पश्चिमेकडील भिंत उतरवून तेथे मातीचा उतार करावा, असा प्रस्ताव मी मांडणार आहे. खर्चातील माझा वाटा मी देणार आहे. भिंत बांधण्यास पैसे दिले आणि आता पाडण्यासही देता, असे कोणी हसून म्हणेल. म्हणू द्यावे. वही मात्र मी आताच सुरू केली आहे. पहिल्या पानावर पारवे आहेत, दोन बगळे आहेत आणि एक वारकरी आहे. बदकांचा रकाना आखून ठेवला आहे.