स्कॅन नॉर्मल आहे, माणूस नाही

नांदेड-लातूर रस्त्यावर लोह्यापासून चाकूरपर्यंत कोणत्याही गावच्या बौद्ध वस्तीत जा, असा एक माणूस सापडतोच. मोटारसायकलवरून येताना ट्रॅक्टरने उडवलेला, दोन दिवस बेशुद्ध राहिलेला आणि नंतर आपल्या पायांनी चालत घरी आलेला. हात शाबूत, पाय शाबूत, टाक्यांची खूणसुद्धा केसांत लपून गेलेली. लोक म्हणतात, नशिबाने वाचला. त्याची बायको मात्र शेजारणीला हळूच सांगते, "बाई, हे आमचं माणूसच न्हाई. दुसरंच कोणतरी घरी आलंय."

हा माणूस गवंडी असतो. पूर्वी नुसत्या नजरेने भिंत सरळ आहे की कलली ते सांगायचा. आता ओळंबा हातात घेऊन उभा राहतो आणि पुढे काय करायचे ते विसरतो. बाजारात पाचशेची नोट देतो आणि उरलेले पैसे न घेता परत येतो. लेकरांवर कधी हात न उचललेला माणूस भाकरी उशिरा आली म्हणून ताट भिरकावतो. दुपारी झोपतो तो संध्याकाळपर्यंत उठत नाही. रॉकेल सांडले तरी त्याला वास येत नाही. आणि तुला काही त्रास आहे का म्हणून विचारले तर म्हणतो, "मला काही झालं न्हाई." हे शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, कारण नेमके हेच तो न्यायालयात साक्षीच्या पिंजऱ्यातही म्हणणार असतो.

पाय तुटला तर न्यायाधीशाला दिसतो. मेंदू तुटला तर दिसत नाही. समोर बसलेला माणूस नाव सांगतो, गाव सांगतो, लेकरे किती तेही बरोबर सांगतो. विमा कंपनीचा वकील सीटी स्कॅनचा कागद पुढे करतो. त्यावर नॉर्मल लिहिलेले असते आणि दाव्यातली हवा तिथेच निघून जाते.

हा कागद खोटा असतोच असे नाही, पण तो अपुरा असतो. सीटी स्कॅनमध्ये फुटलेले हाड दिसते, साचलेले रक्त दिसते. डोके जोरात हिंदकळल्यामुळे मेंदूच्या आतले बारीक तंतू ताणले जातात, तुटतात, ते त्यात बहुधा दिसत नाहीत. विहिरीवरची मोटार बाहेरून कोरी करकरीत दिसावी आणि वायर आत कुठेतरी तुटलेली असावी, तसा हा प्रकार. विशेष प्रकारच्या एमआरआयमध्ये सूक्ष्म रक्तस्रावाच्या खुणा कधी सापडतात, कधी तिथेही सापडत नाहीत. कपाळामागचा जो भाग राग आवरतो, कामाची आखणी करतो, काय बोलावे आणि काय नाही ते ठरवतो, तो बिघडला तर हातापायांची ताकद तशीच राहते आणि माणूस बदलतो. म्हणून मेंदूच्या दुखापतीचा पुरावा एका फोटोवर उभा राहत नाही. तो चार ठिकाणचे कागद आणि चार माणसांच्या साक्षी जोडून उभा करावा लागतो. आपण कमी पडतो ते इथे.

पहिला कागद पहिल्याच रात्रीचा. दवाखान्यात एमएलसी नोंदवतात तेव्हा नातेवाईक घाबरलेले असतात, नोंद इंग्रजीत होते, आणि ट्रॅक्टरने धडक दिली असे सांगूनही कागदावर कधी नुसते पडून लागले एवढेच उतरते. दारूचा वास आला असे लिहिले गेले तर पुढे विमा कंपनी तेवढी एकच ओळ घेऊन लढते. म्हणून त्याच रात्री कुणीतरी वाचता येणाऱ्याने तो कागद वाचलाच पाहिजे. किती वेळ बेशुद्ध होता, उलट्या झाल्या का, कानानाकातून रक्त आले का, झटके आले का, शुद्धीवर आल्यावर कोणत्या दिवसापर्यंतचे त्याला आठवत नव्हते, हे सारे त्यात आले पाहिजे. त्यात जीसीएस म्हणून एक आकडा असतो. ग्लासगो शहरातल्या टीझडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही मोजणी सुरू केली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांचे मिळून जास्तीत जास्त १५ आणि कमीत कमी ३ गुण. ८ किंवा त्याखाली आले तर दुखापत गंभीर, १३ ते १५ असले तर सौम्य. या सौम्य शब्दाने आमची कितीतरी घरे बुडवली असतील. तो शब्द त्या घटकेच्या अवस्थेबद्दल आहे, पुढच्या चाळीस वर्षांच्या आयुष्याबद्दल नाही.

दुसरा पुरावा मानसशास्त्रीय चाचण्यांचा. स्मरणशक्ती, लक्ष, निर्णयशक्ती, कामाचा वेग हे सारे मोजता येते आणि बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने भारतीय माणसांसाठी अशा चाचण्यांचा संच केलेला आहे. पण चाचणी कोण घेतो आणि कुणाची घेतो हे बघावे लागते. शंभरातून सात वजा करत जा, असे शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला विचारले आणि ती चुकली तर त्यातून काय सिद्ध झाले? विमा कंपनी म्हणणार, ही आधीपासूनच अशी होती. आणि आमच्या माणसाला आधीपासूनच अक्कल कमी होती हे मानायला या समाजव्यवस्थेला कधीही पुरावा लागलेला नाही. खरे दुखणे हे आहे. नोकरदार माणसाचे 'आधी' कागदावर असते. गुणपत्रिका, पगारपत्रक, साहेबाचा गोपनीय अहवाल, सारे काही. मजुराचे 'आधी' कुठे लिहिलेले असते?

लिहिलेले असते, फक्त ते गोळा करावे लागते. बचत गटाच्या वहीत ती हिशेब लिहायची की नाही ते असते. रोजगार हमीच्या जॉबकार्डावर तिची हजेरी असते. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत दर आठवड्याला फेड केल्याची नोंद असते. ठेकेदार सांगू शकतो की हा गवंडी चार बिगाऱ्यांवर देखरेख करायचा. विहारातल्या जयंती मंडळाचा हिशेब ज्याने पाच वर्षे ठेवला, त्याला आज वर्गणीची पावती फाडता येत नाही, हे मंडळाचा अध्यक्ष शपथेवर सांगू शकतो. बायकोची साक्ष तर हवीच, पण ती घरचीच म्हणून तिचे वजन कमी धरायला बघतात. बाहेरच्या दोघांनी तीच गोष्ट आपापल्या शब्दांत सांगितली की चित्र पालटते. हा फौजदारी खटला नव्हे, इथे संशयाला जागाच उरू नये असा पुरावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय, एवढेच न्यायाधिकरणाला तोलायचे असते.

एक गोष्ट आपल्या घरातलीही सांगितली पाहिजे. माणूस बदलला की अजूनही कुठे कुठे बाहेरचे लागले म्हणतात आणि बुवाकडे नेतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे होते. ते सहा महिने अंगाऱ्याधुपाऱ्यात जातात, दवाखान्याचा एकही कागद तयार होत नाही, आणि उलटतपासणीत प्रश्न येतो, एवढा त्रास होता तर सहा महिने उपचार का घेतले नाहीत?

आता टक्क्यांचे बघा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत मेंदूला मार लागून झालेली दुखापत असे स्वतंत्र नाव नाही. तेव्हा वाचा गेली तर एका खान्यात, हात लुळा पडला तर दुसऱ्या खान्यात, वागणे बिघडले तर मानसिक आजारात, असे एका माणसाचे तुकडे होतात. त्यातले काही धरले जातात, काही सुटतात, आणि हातात दहा टक्क्यांचा दाखला पडतो.

या दहा टक्क्यांची किंमत किती, ते हिशेबानेच कळेल. ३३ वर्षांचा गवंडी, महिना १२,००० रुपये उत्पन्न धरू. घटनापीठाच्या २०१७ च्या निकालाप्रमाणे भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले की १६,८०० होतात. वर्षाचे २,०१,६००. या वयाला गुणक १६, म्हणजे ३२,२५,६००. दहा टक्के धरले तर कमाईच्या नुकसानीपोटी हाती ३,२२,५६० येतात. कमावण्याची ताकद साठ टक्के गेली हे सिद्ध झाले तर १९,३५,३६०. माणूस तोच, मार तोच.

आणि हे सिद्ध करायची वाट सर्वोच्च न्यायालयाने दाखवून ठेवली आहे. १८ ऑक्टोबर २०१० रोजी न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले की शरीराच्या अपंगत्वाचे टक्के आणि कमाई बुडाल्याचे टक्के एक नव्हेत. डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून आधी तो काय काम करत होता आणि आता त्यातले काय करू शकतो, हे पाहावे लागते. त्याच निकालात हेही आहे की दाखला नुसता दाखल करून भागत नाही, डॉक्टरची साक्ष व्हावी लागते, आणि उपचार न करता तयार दाखले देणाऱ्यांपासून न्यायाधिकरणाने सावध राहावे. एजंटकडून दाखला घेणाऱ्यांनी एवढे वाचून ठेवावे.

हरियाणातली एक बारा वर्षांची मुलगी २००७ मध्ये अपघातात सापडली. चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या तपासणीत तिची सामाजिक समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी निघाली. न्यायाधिकरणाने सुमारे ११ लाख दिले, उच्च न्यायालयाने २५ लाखांवर नेले, सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी ६२ लाख २७ हजार केले. त्यात दोन सांभाळणाऱ्यांचा आयुष्यभराचा खर्चही धरला. सांभाळणे हे काम आहे आणि त्याला दाम आहे, हे न्यायालयाने मान्य केले. आमच्याकडे मात्र बायको नवऱ्याला सांभाळते म्हणून तिची बुडालेली मजुरी कुणी मोजत नाही. मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला तर उचलच कोयत्यावर मिळते, आणि कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. एकाचे डोके गेले की कोयता मोडतो आणि दुसऱ्याचीही मजुरी जाते. दाव्यात हे लिहिलेले कितीदा असते?

आता चळवळीचा विषय. डोक्यावर मार फक्त रस्त्यावर बसत नाही, काठीचा आणि गजाचाही बसतो. १९७८ ला नामांतराच्या वेळी मराठवाड्यातल्या वस्त्या जळाल्या तेव्हा अ‍ॅट्रॉसिटी कायदा नव्हता. तो १९८९ ला झाला, नियम १९९५ ला आले आणि १४ एप्रिल २०१६ च्या दुरुस्तीने रकमा वाढल्या. शंभर टक्के अपंगत्व आले तर सव्वाआठ लाख, पन्नासच्या वर असेल तर साडेचार लाख, पन्नासच्या खाली असेल तर अडीच लाख. म्हणजे इथेही टक्केच आले. आपण काय करतो? मोर्चा काढतो, अटकेची मागणी करतो, अनुदानाचा पहिला हप्ता मिळाला की फोटो छापून येतो. आठ महिन्यांनी तो पोरगा कॉलेज सोडून भिंतीकडे बघत बसलेला असतो, तेव्हा त्याची मेंदूतज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घ्यायला कुणी जात नाही. जिल्हा दक्षता समितीवर आपले कार्यकर्ते सदस्य असतात. दर तीन महिन्यांच्या बैठकीत हा एक प्रश्न त्यांनी विचारावा. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, पण तळ्याचा दावा बाबासाहेबांनी उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला जिंकला. मधली दहा वर्षे कागद सांभाळण्याची होती, आणि तो निकाल पुराव्याच्याच मुद्द्यावर लागला: बंदीची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे स्पृश्यांना सिद्ध करता आले नाही.

शेवटी मुदतीचे. मेंदू सावरायला वर्ष-दोन वर्षे लागतात, कायमचे नुकसान किती ते त्यानंतरच कळते. पण १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत आली. केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला, पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर बसू नये. अर्ज आधी दाखल करावा, तपासण्यांचे कागद मागून जोडावेत. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीचे अडीच लाख देऊ केले जातात. ते घेतले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. लोकअदालतीत तडजोडीवर अंगठा दिला की अपील नाही. घरात पैसा नसतो, मुकादमाची उचल अंगावर असते, म्हणून लोक पहिल्या रकमेलाच हो म्हणतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पण वकिलाच्या फीसाठी कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. जाताना दवाखान्याचे सगळे कागद न्यावेत, बचत गटाची वही न्यावी, आणि आज तो काय विसरला, कशावर चिडला, किती वेळ झोपला हे रोजच्या तारखेने लिहिलेली एक साधी वहीही न्यावी. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीने लिहिली तरी चालते.