गर्भपात: निर्णय कोणाचा?
जव्हार-मोखाड्यातल्या सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची किंवा सासूची परवानगी लागत नाही. तिची स्वतःची संमती पुरते. अठराच्या आतल्या मुलीला मात्र पालकाची लेखी संमती लागते. अमेरिकेत २०२२ पासून हा प्रश्न राज्यांकडे गेला; आपल्याकडे १९७१ चा केंद्रीय कायदा आहे. तोही शेवटचा शब्द पूर्णपणे बाईला देत नाही, हे मला खटकते: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागते, २४ पर्यंत ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचे. त्यांत अविवाहिताही येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितले. कायदा आठवडे मोजतो. आणि दूरच्या पाड्यावरून जव्हारच्या कुटीर रुग्णालयापर्यंत पोचणेच अवघड असते. म्हणून पाळी चुकताच आशाताईंना गाठावे. नऊ आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो आणि बाईचे नाव गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.