पदोन्नतीची मुलाखत आणि वर्ण्य चिकित्सा

अलीकडे आपल्या चिकित्सालयांत येणाऱ्या रुग्णांमध्ये एक नवा वर्ग ठळकपणे जाणवू लागला आहे. वयाची चाळिशी ओलांडलेला, नोकरीत स्थिरावलेला आणि पदोन्नतीच्या मुलाखतीचे पत्र हाती पडलेला हा पुरुष असतो. त्याला ज्वर नसतो, शूल नसतो. गालांवरचे काळपट डाग, कानशिलांवरचे पांढरे केस, खांद्यावर पडणारा कोंडा आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळे ही त्याची तक्रार असते, आणि त्या तक्रारीला एक तारीख जोडलेली असते. "वैद्यराज, अमुक दिवसापर्यंत चेहरा उजळला पाहिजे," एवढेच त्याचे मागणे.

पूर्वी सौंदर्योपचार म्हटले की वधूचा विचार होत असे. २००५ साली 'इमामी'ने खास पुरुषांसाठी गोरेपणाचे क्रीम बाजारात आणले आणि ही बाजारपेठ पुरुषांसाठीही खुली झाली. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' हा शब्द गेला. मनातून मात्र तो गेलेला नाही. या रुग्णाला हसण्यावारी नेऊ नये. स्वतःच्या चेहऱ्याविषयी संकोच बाळगून जो मुलाखतीला बसतो, त्याचे दुःख खरे असते. प्रश्न आहे तो आपण त्याला काय देतो याचा.

एक अनुभव

आमच्याकडे आलेले एक गृहस्थ बँकेत अधिकारी होते. वय ४६, मुलाखत अठरा दिवसांवर. दोन्ही गालांवर श्याववर्णी, वेदनारहित, त्वचेच्या पातळीतच असलेली मंडले होती. निदान व्यंगाचे, त्यात शंका नव्हती. आम्ही मंजिष्ठेचा मधासह लेप योजला, पोटातून सारिवा व मंजिष्ठा दिली आणि निश्चिंत झालो. सहाव्या दिवशी ते आले तेव्हा संपूर्ण चेहरा लालबुंद झाला होता, दाह होत होता आणि हनुवटीवर पिटिका उठल्या होत्या. तेव्हा कोठे आम्ही विचारले, "याआधी चेहऱ्याला काय लावत होता?" त्यांनी खिशातून मलमाची एक नळी काढली. दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेले ते स्टिरॉइडयुक्त मलम ते दीड वर्ष रोज लावत होते आणि आमचा लेप सुरू होताच त्यांनी ते एकाएकी बंद केले होते.

आम्ही लेप थांबवला व त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. मुलाखतीला ते तसाच लाल चेहरा घेऊन गेले. त्या वर्षीच्या यादीत त्यांचे नाव आले नाही. त्याचा चेहऱ्याशी काही संबंध होता का, हे त्यांनाही सांगता येणार नाही आणि आम्हालाही नाही. पण ती शंका त्यांच्या मनात राहिली आणि आमच्याही. एक साधा प्रश्न पहिल्या दिवशी न विचारल्याची ही किंमत होती. हा लेख लिहिण्याचे कारणही तेच.

वर्ण म्हणजे गोरेपणा नव्हे

चरकाचार्यांनी वर्ण्य महाकषायात चंदन, पुन्नाग, पद्मक, उशीर, यष्टिमधु, मंजिष्ठा, सारिवा आदी दहा द्रव्ये सांगितली आहेत. या द्रव्यांचा हेतू वर्ण प्रसन्न करणे हा आहे, तो बदलणे हा नव्हे. इंद्रियस्थानात कृष्ण, श्याम, श्यामावदात आणि अवदात हे प्राकृत वर्ण म्हणून मोजले आहेत. वैकारिक वर्णांच्या गणनेत नील, श्याव, ताम्र व हरित यांच्याबरोबर शुक्ल वर्णही आहे. म्हणजे काळासावळा वर्ण ही प्रकृती, तर देहावर नव्याने उमटणारा पांढरा वर्ण ही विकृती. सावळ्या माणसाला गोरा करण्याचे आश्वासन देणारा वैद्य शास्त्राच्या विरुद्ध बोलतो, हे आपण रुग्णाला स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याचा मूळ वर्ण निरोगी व तेजस्वी दिसावा, एवढेच आपले काम आहे.

हेतूचा विचार

सुश्रुताचार्यांनी व्यंगाचे कारण सांगताना क्रोध आणि आयास यांनी प्रकुपित झालेला वायू पित्ताशी संयुक्त होतो असे म्हटले आहे. पालित्यातही क्रोध, शोक आणि श्रम यांमुळे वाढलेला शरीरोष्मा व पित्त शिरोभागी जाऊन केस पिकवतात. पदोन्नतीच्या शर्यतीतील माणसाची दिनचर्या याहून वेगळी काय असते? रात्री जागून अभ्यास, दिवसभर वरिष्ठांचा ताण, वेळी-अवेळी चहा, तिखट-खारट खाणे, भर उन्हात दुचाकीवरून प्रवास. ज्या धडपडीसाठी तो चेहरा उजळू पाहतो, तीच धडपड त्या चेहऱ्याच्या विकाराचा हेतू असते. निदानपरिवर्जन सोडून नुसता लेप लावणे म्हणजे गळत्या घड्यात पाणी भरणे. निद्रा, पित्तशामक आहार, पादाभ्यंग आणि उन्हापासून संरक्षण यांवाचून व्यंगाची चिकित्सा पुरी होत नाही.

तारखेचे गणित

त्वचेचा बाह्य स्तर नवा होण्यास साधारण चार आठवडे लागतात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे हाती किती दिवस आहेत यावर आपले वचन ठरले पाहिजे.

तीन महिने हाती असल्यास कोष्ठ व बल पाहून शोधन, अवस्थेनुसार रक्तमोक्षण आणि पुढे शमन असा क्रम ठेवता येतो. एक महिना असल्यास शमन, नस्य व सौम्य लेप. पंधरा दिवसच असतील तर व्यंग जाणार नाही, हे आधीच सांगावे. दारुणकासाठी शिरोभ्यंग, दातांवरील तंबाखू-मिश्रीचे डाग दंतवैद्याकडून काढून घेणे, गंडूष आणि रोज वेळेवर झोप एवढ्यानेही माणूस ताजातवाना दिसतो. शेवटच्या आठवड्यात कोणतेही नवे द्रव्य चेहऱ्याला लावू नये, हा आम्ही आता नियमच केला आहे.

मुखलेपाचे नियम वाग्भटाचार्यांनी नेमके दिले आहेत. लेपाची जाडी अंगुळाचा चौथा, तिसरा किंवा अर्धा भाग असावी. लेप वाळू देऊ नये, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. तो ओला करून काढावा व नंतर अभ्यंग करावा. पीनस, अजीर्ण, अरोचक असताना, नस्यानंतर आणि जागरण झालेल्यास लेप वर्ज्य आहे. रात्रभर जागून सकाळी लेप लावायला येणाऱ्या उमेदवाराच्या बाबतीत हा शेवटचा निषेध विसरू नये. पुरुषांसाठी आणखी एक व्यावहारिक सूचना अशी की दाढी केल्यावर लगेच लेप लावू नये. सूक्ष्म जखमांवर लोध्र-वेखंडासारखी द्रव्ये झोंबतात.

केस रंगवण्याबाबतही सावध राहावे. 'काळी मेंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक चूर्णांत पॅरा-फिनिलीन-डायअमीन हे रसायन असते. त्यामुळे डोके, पापण्या व चेहरा सुजलेले रुग्ण आपण सर्वांनीच पाहिले असतील. कानामागे थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहिल्याखेरीज तो वापरू देऊ नये. शुद्ध मेंदी आणि त्यानंतर नीली हा जुना मार्ग वेळखाऊ खरा, पण अधिक सुरक्षित आहे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही. म्हणूनच आपली नैतिक जबाबदारी मोठी ठरते. २०१८ साली केंद्र सरकारने बाह्योपचाराची स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये स्पष्टपणे आणली. ज्यांच्याकडे ॲलोपॅथिक औषधांचाही परवाना आहे, त्यांनी ही मलमे चिठ्ठीवाचून देऊ नयेत. प्रसाधन नियम २०२० नुसार सौंदर्यप्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे. नकळत येणारा अंशही, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, दहा लाख भागांत एक भागापेक्षा अधिक असता कामा नये. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट वृक्कविकाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत असल्याचे आढळले. पारद हे आपल्या रसशास्त्रातील द्रव्य असल्याने अशा प्रत्येक बातमीनंतर संशयाची सुई आपल्याकडे वळते. ज्या डबीवर उत्पादकाचा परवाना क्रमांक, घटकांची यादी व मुदतीची तारीख नाही, ती कितीही नफा देणारी असली तरी दुकानात ठेवू नये. जे क्रीम तीन दिवसांत चेहरा उजळवते, त्यात काय आहे हे आधी विचारावे.

सारांश, तारीख घेऊन आलेल्या या रुग्णाला आपण तीन गोष्टी देऊ शकतो: पहिल्याच दिवशी 'आधी काय लावत होता' हा प्रश्न, हाती असलेल्या दिवसांत काय साधेल याचे खरे उत्तर आणि हेतू दूर करणारी दिनचर्या. आमच्या त्या रुग्णाचा चेहरा शांत होण्यास पुढे सात-आठ महिने लागले. आज आमच्या रुग्णपत्रिकेवर नाव आणि वय यांखालीच तो प्रश्न छापलेला आहे. आपल्या पत्रिकेवरही तो असावा, एवढीच सर्व व्यवसायबंधूंना विनंती.