नियम एकदाच लिहावा
एक्सएसएलटीतील गणिती फलने आणि कराचे देयक

मालमत्ता कराचे देयक हा स्थानिक स्वराज्य संस्था आणि नागरिक यांच्यामधील सर्वांत नित्याचा कागद होय. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली. पुढे या दोन्ही नगरांची वस्ती झपाट्याने वाढली आणि देयके हाताने लिहिण्याचे दिवस मागे पडले. आज आकारणी संगणक करतो. तथापि संगणकाने कोणता नियम लावला, तो कोठे लिहिला आहे आणि तो कोणाला वाचता येतो, हे प्रश्न त्यामुळे संपलेले नाहीत. उलट ते अधिक महत्त्वाचे झाले आहेत.

माहिती वेगळी, नियम वेगळा

कार्यालयीन माहिती एका संगणकातून दुसऱ्या संगणकात नेण्यासाठी जी लेखनपद्धती जगभर रूढ आहे, तिला एक्सएमएल म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या संस्थेने ती १९९८ साली प्रमाणित केली. तीत प्रत्येक माहितीला नावाची पाटी असते आणि ती पाटी मराठीतही लिहिता येते : ‘मालमत्ता’, ‘वार्षिकभाडे’, ‘थकबाकी’. ही माहिती वाचून तिचे देयक, तक्ता किंवा अहवाल यांत रूपांतर करणारी भाषा म्हणजे एक्सएसएलटी. तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९९ मध्ये जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली.

या विभागणीचे महत्त्व कल्याण परिसरातील वाचकांना विशेष जाणवेल. २०१५ साली २७ गावे कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट करण्यात आली. घर तेच, क्षेत्रफळ तेच. परंतु ग्रामपंचायतीच्या आकारणीचा नियम जाऊन महानगरपालिकेचा नियम आला. घराची माहिती आणि कराचा नियम एकाच ठिकाणी मिसळून ठेवले, तर असा बदल होताना प्रत्येक नोंद पुन्हा तपासावी लागते. दोन्ही वेगळे असतील, तर केवळ नियम बदलावा लागतो.

फलन म्हणजे काय ?

पहिल्या आवृत्तीत बेरीज करणे, मोजणे, पूर्णांक करणे अशी मोजकीच तयार गणिती साधने होती. स्वतःचे फलन रचण्याची सोय नव्हती. नाव दिलेल्या साच्यांवर काम भागवावे लागे. जानेवारी २००७ मधील दुसऱ्या आवृत्तीने ही उणीव दूर केली. आता कार्यक्रम लिहिणारा आपल्या फलनाला नाव देतो, त्याला कोणत्या संख्या पुरवायच्या ते सांगतो आणि उत्तर कोणत्या प्रकारचे येईल हेही नमूद करतो. नावाच्या आधी उपसर्ग लावणे बंधनकारक असते, जेणेकरून आपले फलन आणि भाषेचे मूळ फलन यांची गल्लत होऊ नये.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखालील करयोग्य मूल्याच्या पद्धतीत वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के रक्कम वजा केली जाते. ‘कर:करयोग्यमूल्य’ असे फलन रचावे. त्याला वार्षिक भाडे १५,००० रुपये दिले, की ते १,५०० रुपये वजा करून १३,५०० हे उत्तर देईल. त्याचप्रमाणे थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती आकारणारे ‘कर:शास्ती’ हे फलन, ४,८६० रुपयांची थकबाकी व ५ महिने या दोन संख्यांवरून ४८६ रुपये सांगेल. देयक, नोटीस आणि वसुलीचा तक्ता या तिन्ही ठिकाणी हेच फलन वापरले, म्हणजे तीन कागदांवर तीन आकडे येण्याचा संभव राहत नाही.

चल बदलत नाही

या भाषेचा एक विशेष नवशिक्यांना बुचकळ्यात टाकतो. चलाला एकदा दिलेली किंमत पुढे बदलता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षे वाढणारी रक्कम काढताना फलन स्वतःलाच पुन्हा बोलावते. १०,००० रुपयांच्या ठेवीवर ८ टक्के चक्रवाढ व्याजाने तीन वर्षांची रक्कम हवी असल्यास फलन आधी एका वर्षाची रक्कम, म्हणजे १०,८०० काढते आणि उरलेल्या दोन वर्षांसाठी तीच कृती पुन्हा करते : ११,६६४ आणि शेवटी १२,५९७ रुपये १२ पैसे. ‘वर्षे शून्य झाली की थांबावे’ ही अट मात्र प्रारंभीच लिहावी लागते. ती विसरल्यास काम कधीच पुरे होत नाही. वर्गमूळ किंवा घात यांसाठीही पूर्वी असेच फलन रचावे लागे. २०१४ नंतरच्या प्रमाणात ती तयार मिळतात.

रुपया-पैशाची दक्षता

पहिल्या आवृत्तीत सर्व संख्या द्विमान पद्धतीने साठविल्या जात असल्याने दशांशातील किरकोळ रक्कम काटेकोर राहत नसे. दुसऱ्या आवृत्तीत दशमान प्रकार उपलब्ध आहे. पैशाच्या हिशेबासाठी तोच घ्यावा. पूर्णांक केव्हा करावयाचा, हेही ठरवून द्यावे. ११२.४०, ८७.४० आणि ४५.४० या तीन रकमांची बेरीज २४५.२०, म्हणजे २४५ रुपये होते. परंतु प्रत्येक रक्कम आधी पूर्णांकात आणली, तर बेरीज २४४ भरते. एका देयकात एक रुपयाचा फरक क्षुल्लक वाटला, तरी सहस्रावधी देयकांच्या लेखापरीक्षणात तो आक्षेपाचा विषय ठरतो.

देवनागरी अंकांचा प्रश्न

आपल्या राज्याचा कारभार मराठीतून चालतो. ‘१३५००’ असे देवनागरी अंक एक्सएसएलटीला मात्र संख्या म्हणून ओळखता येत नाहीत. अशी एक नोंदही बेरजेत आली, तर संपूर्ण बेरीज निरर्थक होते किंवा काम थांबते. यावर उपाय म्हणजे देवनागरी अंकांचे आंतरराष्ट्रीय अंकांत रूपांतर करणारे छोटे फलन होय. अंकाअंकाची अदलाबदल करणारे साधन भाषेत आहेच. उत्तर छापताना शून्याचे चिन्ह ‘०’ असे घोषित केले, की सर्व अंक देवनागरीत उमटतात. दुसऱ्या आवृत्तीत स्वल्पविरामाच्या जागाही सांगता येतात. त्यामुळे साडेबारा लाख ही रक्कम पाश्चात्त्य धाटणीने नव्हे, तर १२,५०,००० अशी आपल्या वळणाने दिसते.

आपण काय विचारावे ?

हे फलन लिहिण्याचे काम तंत्रज्ञाचे आहे. परंतु नियम ठरविण्याचे काम त्याचे नव्हे. अधिकाऱ्यांनी प्रत्येक फलनासोबत अधिनियमातील आधार मराठीत लिहवून घ्यावा. हाताने सोडविलेली दहा-वीस उदाहरणे आधी तयार ठेवावीत आणि संगणकाची उत्तरे त्यांच्याशी ताडून पाहावीत. त्यांत शून्य थकबाकी, अपुरी नोंद व देवनागरी अंक यांचाही समावेश असावा. वापरातील साधन कोणत्या आवृत्तीचे आहे, हेही विचारावे, कारण आजही अनेक साधने केवळ पहिलीच आवृत्ती जाणतात. शिक्षकांना तर वर्गात शेकडेवारी आणि चक्रवाढ व्याज शिकविताना ही उदाहरणे सहज वापरता येतील.

देयक हाती घेऊन खिडकीशी आलेल्या नागरिकाला ‘संगणकाने काढले’ हे उत्तर पुरेसे नाही. कोणत्या नियमाने, कोणत्या आकड्यांवरून आणि कोणत्या क्रमाने रक्कम आली, हे त्याला दाखविता आले पाहिजे. एकाच ठिकाणी, सुबोध नावाने लिहिलेले फलन ही गोष्ट साध्य करते.