कासवांच्या किनाऱ्यावरचा खोकड

उजेड तिरपा असतो तोवरच वाळू वाचता येते. म्हणून रास अल जिन्झला मी रात्रीच्या फेरीपेक्षा पहाटेची फेरी पसंत करते. ओमानच्या पूर्व टोकाला, सूरच्या पुढे, कड्यांच्या आडोशाला असलेला हा किनारा १९९६ पासून कासवांसाठी राखीव आहे. हिरवी समुद्री कासवं इथे वर्षभर अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्यात सर्वांत जास्त. वाटाड्यांच्या मागोमागच किनाऱ्यावर उतरावं लागतं. बाकीचे कासव शोधतात, माझी नजर खोकडाच्या मागावर असते.

कासविणीचा माग मीटरभर रुंद, ट्रॅक्टर गेल्यासारखा. पुढची दोन्ही वल्ही एकदम मारून ती ते जड अंग पुढे ओढते, त्यामुळे डाव्या-उजव्या खुणा समोरासमोर उमटतात. (कोकणात येणारी ऑलिव्ह रिडले एकाआड एक वल्हं टाकते, तिच्या खुणा मागेपुढे पडतात.) या पट्ट्याला छेदून एक बारीक रेघ जाते, ती खोकडाची. पुढच्या पावलाच्या ठशात मागचं पाऊल पडतं, म्हणून चार पायांचं जनावर एका ओळीत चालल्यासारखं वाटतं. चार बोटं, नखांची टोकं आणि किंचित पुसट कडा. अरबस्तानातल्या तांबड्या खोकडाच्या बोटांमध्ये दाट केस असतात, तापलेल्या वाळूत पाय भाजू नयेत म्हणून. कुत्र्याचा माग भरकटलेला असतो. खोकड पाऊल वाया घालवत नाही.

रेघ सरळ आहे तोवर तो नुसता वाटेवर आहे. ती वळली की थांबून बघायचं. भरलेलं घरटं उकरणं सोपं नाही: अंडी दीड हात खोल असतात, आणि जाताना मादी मागे वाळू उडवून जागेची खूणच मोडून टाकते. खोकडाला त्याहून सोपं अन्न मिळतं. गर्दीच्या दिवसांत एक कासवीण खड्डा खणताना दुसरीची अंडी वर काढते, ती त्याची. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं एकदम वर सरकू लागतात, तेव्हा तर फार खणावंही लागत नाही. जमिनीखालच्या उंदराची खसफस टिपणारे कान त्या वेळीही कामी येत असावेत. पोट भरलं तरी तो थांबत नाही. उरलेलं वेगवेगळ्या ठिकाणी पुरतो आणि वरची वाळू नाकाने दाबून बसवतो. असा नाकाचा ठसा पहिल्यांदा कुणी दाखवला की पुढे तो आपला आपल्याला दिसू लागतो.

कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २००२ पासून घरटी कुंपणात हलवली. माणसं अंडी नेत होती आणि उरलेली कोल्ही-कुत्री उकरत होती. घरटी मोजकीच असताना दुसरा मार्ग नव्हता. रास अल जिन्झला अंडी घातली तिथेच राहतात. खोकडाचं खाणं मला इथे खटकत नाही; एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात ती असे वाटेकरी धरूनच. पण हा हिशेब खोकडांची संख्या वाळवंटाच्या आवाक्यात असेल तोवरच जुळतो. तीनेक किलोचं हे जनावर कोरड्या मुलखात बेताने जगतं, आणि हा बेत आपल्या कचऱ्याने बिघडतो.

हिवाळ्यात मस्कतहून आम्ही मराठी कुटुंबं वाळवंटात तंबू टाकतो. शेगडी विझली की खोकड येतो. सरळ कधी येत नाही. आधी वाऱ्याची बाजू धरून लांबून फेरी मारतो, कान पुढे, शेपूट खाली. बाहेर ठेवलेली चप्पल उचलतो, बहुधा चामड्याला घामाचा वास असतो म्हणून. विष्ठा टाकतो तीही उघड्या दगडावर, शेजारच्या खोकडाला कळावं म्हणून. डिसेंबर-जानेवारी हा त्यांचा माजाचा काळ. तेव्हा रात्री तीन-चार तुटक भुंकण्या आणि मग एक लांब किंकाळी ऐकू येते. नवखी माणसं घाबरून उठून बसतात. ते ओरडणं आपल्यासाठी नसतं, एकमेकांना आपला पत्ता सांगणं असतं.

माणसाजवळ वावरणाऱ्या अशा जनावरांचं काय होतं ते दुसरीकडेही दिसतं: शिकागोत २००० पासून कोयोटींवर (खोकडाच्या नात्यातल्या तिकडच्या रानटी जनावरांवर) कॉलर लावून अभ्यास चालू आहे. लाखो माणसांच्या शहरात ती जनावरं माणसाला टाळून, मुख्यतः रात्री वावरतात. ज्यांना खाऊ घातलं जातं ती पुढे धीट होऊन अंगावर येण्याची शक्यता वाढते. ओमानात धोका आणखी एक आहे: इथे रेबीज प्रामुख्याने खोकडांमधून पसरतो. माणसाला बुजणं विसरलेला खोकड म्हणूनच मला गोंडस वाटत नाही, त्याची काळजी वाटते. चावला तर माणसाला तातडीने लस घ्यावी लागते, आणि खोकडाची गत काय होते ते वेगळं सांगायला नको.

आमच्या तंबूंत आता मटणाची हाडं पुरत नाहीत, कारण पुरलेलं हुडकणं हाच त्याचा धंदा. सगळं पिशवीत बांधून गाडीत बंद होतं. एकदा एका काकूंनी उरलेली पोळी त्याच्यासाठी ठेवू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं तेव्हा त्या कळवळून म्हणाल्या, “अगं, मग बिचारा खाईल काय?” उंदीर, सरडे, टोळ, भुंगे, किनाऱ्यावर वाहून आलेले मासे, हंगामात बागेत गळालेला खजूर, आणि कासवांच्या किनाऱ्यावर त्याच्या वाट्याची अंडी.