मासे नव्हे, दिवस विकणारी बेटे

प्रशांत महासागरातील किरिबातीची जमीन जेमतेम ८११ चौरस किलोमीटर. मात्र किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र धरले, तर या देशाच्या हक्काचा समुद्र भारताच्या भूभागाहून मोठा भरतो. त्यात स्किपजॅक ट्यूना, म्हणजे आपल्याकडच्या कुप्याचा भाऊबंद, विपुल आहे. मासा किरिबातीचा, पण तो पकडणाऱ्या मोठ्या बोटी जपान, तैवान, कोरिया, अमेरिकेच्या. बोटवाले एकेका बेटाशी स्वतंत्र सौदा करत. एकाने दर चढवला की दुसऱ्याकडे जात. परवान्यापोटी बेटांच्या हाती पडे ती चिल्लर.

यावर उपाय म्हणून १९८२ मध्ये नाउरू करार झाला. किरिबाती, नाउरू, पलाऊ, मार्शल बेटे, सॉलोमन बेटे, मायक्रोनेशिया आणि पापुआ न्यू गिनी हे सात देश एकत्र आले; आठवा देश तुवालू नंतर सामील झाला. खरी कलाटणी मात्र २००७ नंतर मिळाली. माशांच्या थव्याला जाळ्याचा वेढा घालणाऱ्या पर्ससीन बोटींना मासळीचा कोटा न देता मासेमारीचे दिवस विकायचे, असे ठरले. वर्षाचे एकूण दिवस आधी ठरतात, मग देशांत वाटले जातात. बोट पन्नास मीटरहून लहान असेल तर तिचा अर्धा दिवस मोजतात, ऐंशीहून लांब असेल तर दीड. मासळीचे वजन लपवता येते. उपग्रहाच्या नजरेतली बोट लपवणे अवघड. दिवसाचा किमान दर २०१५ पर्यंत आठ हजार डॉलरवर गेला आणि किरिबातीच्या सरकारी उत्पन्नात परवाना शुल्क हीच सर्वांत मोठी बाब ठरली.

तरीही पैसा म्हणजे ताटातला मासा नव्हे. बहुतेक ट्यूना डबाबंद होऊन परदेशी जातो आणि बेटांवरची माणसे किनाऱ्यालगतच्या प्रवाळांतल्या माशांवर भागवतात. ते कमी पडू लागल्याने आता गावांजवळ नांगरलेले तरंगते तराफे सोडतात. त्यांच्या सावलीला ट्यूना जमतो आणि छोट्या होडीतूनही हाती लागतो. मोठ्या बोटींनी अशा तराफ्यांभोवती जाळे टाकण्यावर मात्र दरवर्षी काही काळ बंदी असते, कारण तिथे ट्यूनाची पिल्लेही सापडतात. धोरण दुटप्पी वाटेल, पण ते शहाणपणाचे आहे.

व्यवस्थेतली फट उघड आहे: बोटींची यंत्रे सुधारली की त्याच एका दिवसात जास्त मासा निघतो. त्याहून मोठा धोका हवामानाचा. पाणी तापेल तसा ट्यूना पूर्वेकडे, खुल्या समुद्राकडे सरकेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तिथे या आठ देशांना दिवस विकता येत नाहीत. तिथले नियम पश्चिम व मध्य प्रशांत मत्स्य आयोग ठरवतो आणि बोटी पाठवणारे देशही त्याचे सदस्य आहेत.